मापेसाहेबांच्या घड्याळाचं वय

घड्याळ देऊन टाकावं असं मापेसाहेबांच्या मनात कधीच नव्हतं. ते तोंडातून निसटलं. व्याही पहिल्यांदाच घरी आले होते. हॉलमधल्या घड्याळासमोर हात मागे बांधून ते दहा मिनिटं उभे राहिले, तीनचे ठोके त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि एवढंच म्हणाले, "भाग्यवान आहात." व्याह्यांनी भाग्यवान म्हटल्यावर मुलीच्या बापाने नुसतं हसून गप्प बसायचं असतं. मापेसाहेब म्हणाले, "आवडलं असेल तर तुमचंच समजा."

हे वाक्य म्हणण्यासाठी असतं, अमलात आणण्यासाठी नसतं. ऐकणाऱ्याने "छे, छे, तुमच्याकडेच शोभतं" म्हणायचं आणि विषय चहाकडे वळवायचा. पण व्याही गेली तीस वर्षं परदेशात राहिलेले. त्यांनी मापेसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरला, डोळे पुसले आणि पाठवण्याचा पत्ता लिहून दिला.

मापेसाहेबांचं आडनाव मापे नव्हे. वजनमापे खात्यात ते चौतीस वर्षं निरीक्षक होते, म्हणून कॉलनीने त्यांना ते नाव बहाल केलं. पुढे सोसायटीच्या नोटीस बोर्डावरही तेच लागलं आणि त्यांनी ते बदलून घेतलं नाही, कारण त्यात त्यांना थोडा मानच वाटत होता. सगळ्या बाजारपेठेतले तराजू त्यांच्या शिक्क्याने खरे ठरत. स्वतः मोजल्याशिवाय त्यांनी एकाही कागदावर सही केली नाही. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांच्या खिशात मोजपट्टी असे, आणि दूधवाला त्यांच्या दाराशी आला की माप आपोआप काठोकाठ भरे.

अशा माणसाच्या घरातलं घड्याळही तोलामोलाचंच असणार. काळपट लाकडाची हातभर उंच पेटी, वर कोरलेली द्राक्षाची वेल, पांढरी तबकडी, पितळी लंबक. आजोबांच्या वडिलांनी ते एका जहाजाच्या कप्तानाकडून विकत घेतलं होतं, आणि त्याला आता दीडशे वर्षं झाली होती. हा इतिहास कॉलनीत सगळ्यांना पाठ होता. काहींना दोनदा.

व्याह्यांना जुन्या लाकडी सामानाचा आणि घड्याळांचा नाद. त्यांच्याकडे तेवीस घड्याळं होती, चार लिहायची मेजं, एक पाय नसलेलं पण नावाजलेलं कपाट, आणि खुर्च्या तर किती. त्यांच्या घरात बसायच्या खुर्च्या वेगळ्या आणि बघायच्या वेगळ्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मापेसाहेबांची लेक चुकून बघायच्या खुर्चीवर बसली होती, तेव्हापासून ती सासरी बराच काळ उभीच असते असं फोनवर सांगे. तेव्हा घड्याळ गेलं तर लेकीला निदान एका खुर्चीवर हक्काने बसता येईल, असा एक व्यवहारी विचारही मापेसाहेबांच्या मनात डोकावून गेला.

व्याही परत गेले. दुसऱ्याच दिवशी मापेसाहेबांनी घड्याळ भिंतीवरून उतरवलं, दोन गोधड्यांत गुंडाळलं, दोरीने बांधलं आणि पलंगाखाली सरकवलं. मग मोजमाप लिहिलेला कागद घेऊन ते मालवाहतूक कंपनीत गेले. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म वाचायला घेतला आणि 'दीडशे वर्षांचे जुने' या शब्दांपाशी त्याचं पेन थांबलं. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, असं त्याने सांगितलं. शंभराच्या आतली असेल तर तसा दाखला लागतो. आणि कुठला तरी एक दाखला हातात आल्याशिवाय आपण या वस्तूला दोरीसुद्धा लावणार नाही.

ही बातमी जिना चढेपर्यंत कॉलनीत पसरली. वरच्या मजल्यावरचे विमा एजंट संध्याकाळी मुद्दाम खाली उतरले. त्यांचं म्हणणं असं, की वय ही काही असण्याची गोष्ट नाही, लिहिण्याची गोष्ट आहे; आपण रोज लोकांची वयं लिहितो. समोरच्या शिक्षिकाबाईंनी घड्याळ सुटं करून पाठवायचा मार्ग सुचवला. या महिन्यात लंबक, पुढच्या महिन्यात तबकडी. लंबकाकडे बघून त्याचं वय कोण सांगणार? तळमजल्यावरच्या होमिओपॅथांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि काहीच न करण्याचा सल्ला दिला. अशा गोष्टी सहा आठवड्यांत आपोआप बसतात, फक्त मधे कॉफी घ्यायची नाही.

मापेसाहेबांनी तिघांनाही नम्रपणे नकार दिला. खोटं वय लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. खरं वय लिहायचं, वर एक विनंतीपत्र जोडायचं आणि खास परवानगी मिळवायची, असा त्यांचा सरळ बेत होता. सरकारी खात्यात चौतीस वर्षं काढूनही माणसाला असा बेत सुचू शकतो, याचं त्यांच्या बायकोला नवल वाटलं. पण ती फक्त इतकंच म्हणाली, "तुम्हाला तुमचंच समजा म्हणायला कुणी सांगितलं होतं?" हा प्रश्न तिने पुढच्या चार महिन्यांत अनेकदा विचारला आणि दर वेळी उत्तराची वाट न बघता आत निघून गेली.

जुन्या वस्तूंच्या परवान्यांचं कार्यालय एका बँकेच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. खिडकी क्रमांक तीन. खिडकीच्या आत एक मॅडम, खिडकीच्या बाहेर रांग, आणि बसायला कुठेच काही नाही. परवानगी कुठलीही हवी असो, फॉर्म एकाच कागदाचा होता, आणि त्या कागदाचं नाव 'अपुरातन दाखला' असं होतं. हा शब्द त्यांना फार आवडला. वस्तू जुनी नाही, एवढंच सांगायला सरकारने एक आख्खा शब्द बनवला होता.

फॉर्म तीन प्रतींत. सातव्या रकान्यात वस्तूचं वय. मापेसाहेबांनी शाईच्या पेनाने, सुवाच्य अक्षरात, तिन्ही प्रतींवर दीडशे लिहिलं.

मॅडमनी ते पाहिलं आणि चष्मा काढला. "हे लिहायला नको होतं तुम्ही."

"खरं आहे ते."

"म्हणून तर. आता तुम्ही लेखी कबूल केलंत. आता ही वस्तू नोंदणीला पात्र झाली. नोंदणीची वस्तू परवानगीशिवाय जागेवरून हलवता येत नाही. आत्ता कुठे आहे?"

"पलंगाखाली."

"इथे लिहिलंय, हॉलची भिंत, खिडकीपासून चार फूट दोन इंच."

"तिथे होतं."

"मग तिथेच असायला हवं," मॅडम म्हणाल्या आणि तिन्ही प्रतींवर शिक्के मारले. "मंगळवारी पडताळणीला साहेब येतील."

मापेसाहेब घरी गेले, गोधड्या सोडल्या आणि हातोडी घेतली. जुना खिळा घड्याळ उतरवतानाच हातात आला होता. नवा खिळा जुन्या भोकात बसेना. तिसऱ्या ठोक्याला वर्तमानपत्राच्या पानाएवढा गिलावा सुटून खाली आला आणि अर्धा त्यांच्या डोक्यावर राहिला. गवंड्याला बोलावलं. त्याने भिंतीवर टिचक्या मारल्या, कान लावला, आणि भिंत आतून थकली आहे असं निदान केलं. गिलावा आज करतो, पण आठ दिवस तिला हात लावायचा नाही. मंगळवार चार दिवसांवर होता. शेवटी बाजूच्या धडधाकट भागात एक भलामोठा स्क्रू ठोकून घड्याळ तिथे लटकवलं गेलं. मूळ जागी ओला करडा गिलावा, आणि त्याच्या शेजारी, जरा अंग चोरून, घड्याळ.

मंगळवारी पडताळणी अधिकारी आले. उंच, मितभाषी, हातात फाइल आणि खिशात टेप. त्यांनी खिडकीपासून टेप धरली आणि चार फूट नऊ इंच असा आकडा वाचला. वस्तू सात इंच सरकली आहे, अशी नोंद ते करू लागले.

इथे मापेसाहेबांनी गप्प राहायला हवं होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारातून तशी खूणही करत होती. पण त्यांची नजर टेपवर गेली, आणि चौतीस वर्षांची सवय उसळून आली. टेपचं पितळी टोक तुटलं होतं. पहिला इंचच जागेवर नव्हता. टेप एकपासून सुरू होत होती.

"साहेब, ही टेप एक इंच जास्त दाखवते," मापेसाहेब म्हणाले. "सात नाही, सहा इंच."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "म्हणजे कार्यालयाची टेप खोटी आहे?"

"खोटी नाही. तुटकी आहे. शिवाय हिच्यावर शिक्का नाही."

मापेसाहेबांनी आपली मोजपट्टी काढली, भिंतीला लावली आणि चार फूट आठ इंच दाखवले. त्यांना वाटलं, एका सरकारी माणसाची दुसऱ्या सरकारी माणसाला केलेली ही मदत आहे. अधिकाऱ्यांना ती मदत वाटली नाही. त्यांनी फाइलमध्ये लिहिलं: 'वस्तू सात इंच सरकलेली आढळली. अर्जदाराच्या मते सहा.' आणि चहा न घेता निघून गेले.

त्या एका इंचाने फाइल पाच आठवडे अडवली. वादग्रस्त मोजमापाची प्रकरणं वेगळ्या टेबलावर जात, आणि त्या टेबलाचे साहेब प्रशिक्षणाला गेले होते. मापेसाहेब दर सोमवारी खिडकी तीनवर जात आणि प्रशिक्षण संपलं का विचारत. शेवटी टेबल बदललं, साहेब नवीन आले, त्यांना टेपच्या टोकाचं प्रकरण समजावून सांगायला पुन्हा दोन सोमवार गेले. या काळात मापेसाहेबांचं वजन सव्वादोन किलोंनी उतरलं. हा आकडा नेमका आहे. ते दर सोमवारी, कार्यालयात जाण्यापूर्वी, वजन करत होते.

तिकडून व्याह्यांचे फोन. आधी त्यांनी बैठकीच्या खोलीतली भिंत मोकळी केल्याचं कळवलं. त्या भिंतीवरची तीन घड्याळं त्यांनी जिन्यात हलवली होती. मग पितळी पाटी करून घेतल्याचं सांगितलं. त्यावर कप्तानाचा उल्लेख होता आणि खाली 'दीडशे वर्षे' असं कोरलं होतं. नंतर कळलं, की जुन्या वस्तू जमवणाऱ्या त्यांच्या मंडळातल्या आठ जणांना त्यांनी घड्याळ बघायला बोलावलं आहे, तारीखसुद्धा ठरली आहे. लेकीनेही मधे फोन घेऊन हळूच सांगितलं, "बाबा, काहीही करा पण पाठवा. सासरे रोज त्या रिकाम्या भिंतीसमोर उभे राहतात." मापेसाहेबांनी प्रत्येक फोनला 'प्रक्रिया सुरू आहे' असं उत्तर दिलं. नोकरीत असताना हे वाक्य ते लोकांना ऐकवत. तेव्हा ते किती पोकळ आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

असा दुहेरी पेच होता. पाठवायचं तर घड्याळ जुनं नाही असं सिद्ध करायचं, आणि जुनं नसलं तर व्याह्यांना ते नको. मापेसाहेबांनी बराच विचार करून त्यातून एक सन्माननीय वाट काढली. घड्याळ दीडशे वर्षांचं आहेच. तसं जाणकार माणसाचं पत्र घ्यायचं, कार्यालयाकडून लेखी नकार मिळवायचा, आणि तो नकार व्याह्यांना पाठवून द्यायचा. कायद्यापुढे कुणाचं चालतं? दिलेला शब्द मोडला असं कुणी म्हणणार नाही, आणि घड्याळ घरात राहील. बायकोला हा बेत सांगितला तेव्हा ती पहिल्यांदाच 'चांगलं आहे' म्हणाली. फक्त, घड्याळवाल्याला कशाला बोलावता, कार्यालय असंही नकार देईलच की, असं काहीसं पुटपुटली. मापेसाहेबांनी लक्ष दिलं नाही. पुराव्याशिवाय नकारसुद्धा त्यांना नको होता.

मंडईमागच्या दुकानातले घड्याळवाले आले. बापाच्या काळापासूनचं दुकान, डोळ्याला भिंग, बोलणं कमी. घड्याळ टेबलावर ठेवा म्हणाले. मापेसाहेबांनी त्यांना नोंदणीचा नियम समजावला. जागेवरून हलवायचं नाही. त्यामुळे घड्याळवाल्यांनी सगळं काम स्टुलावर उभं राहून, घड्याळ भिंतीवर असतानाच केलं. शिक्षिकाबाई आणि विमा एजंट साक्षीला होते. लंबक निघाला, काटे निघाले, तबकडी निघाली, मग आतलं यंत्र अलगद बाहेर आलं. घड्याळवाल्यांनी रिकाम्या पेटीत टॉर्च मारला आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

"साहेब, तुम्हाला किती वर्षांचं लिहून हवंय?"

"दीडशे."

"तसं लिहिता येणार नाही." ते स्टुलावरून खाली उतरले आणि टॉर्च मापेसाहेबांच्या हातात दिला. "तुम्हीच बघा."

आतल्या पाठीवर, जिथे यंत्राच्या आड काही दिसणं शक्य नव्हतं, तिथे पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. एका दुकानाचं छापील लेबल. नाव पुसट झालं होतं, पण विक्रीची तारीख हाताने लिहिलेली होती, आणि त्याखाली 'एक वर्षाची हमी'. तारखेला एकसष्ट वर्षं झाली होती.

मापेसाहेब म्हणाले, लेबल नंतर कुणीतरी चिकटवलं असेल. घड्याळवाल्यांनी नखाने लेबलाचा कोपरा उचलून खालचं लाकूड दाखवलं. ते कोरं, फिकट होतं आणि भोवतालचं काळवंडलेलं, म्हणजे लेबल पहिल्या दिवसापासूनचं. पाठ प्लायची होती, आणि इतक्या जुन्या घड्याळाला अशी पाठ आपण आजवर पाहिली नाही, असं ते म्हणाले. कडेला पेन्सिलने दुरुस्तीच्या तारखा होत्या, सहा-सात. त्यातली एक घड्याळवाल्यांच्या वडिलांच्या हातची. "त्यांनीही हे लेबल पाहिलं असणार," ते म्हणाले. "बोलले नाहीत तुम्हाला?"

विमा एजंटांनी, दिलासा म्हणून, एकसष्ट हे काही वय नव्हे असं सांगितलं.

मापेसाहेबांनी लेबलावरचा मजकूर डायरीत उतरवून घेतला आणि बस पकडून थेट अक्काकडे गेले. अक्का त्यांची थोरली बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. घराण्याचा इतिहास माहीत असलेलं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं. ती गॅलरीत मटार सोलत बसली होती.

"अक्का, आपलं घड्याळ केव्हाचं गं?"

"पहिलं की दुसरं?" अक्का म्हणाली.

मापेसाहेब समोरच्या खुर्चीत बसले. अक्काने त्यांच्याकडे बघितलं, मटारचं ताट बाजूला ठेवलं आणि हात पदराला पुसले.

"पहिलं तू पाडलंस, बाळ्या. सात वर्षांचा होतास. सहापर्यंत अभ्यासाला बसायचं असा नियम होता, आणि तुला खेळायला जायचं होतं. म्हणून खुर्चीवर स्टूल ठेवून तू काटा पुढे सरकवायला चढलास. घड्याळ, स्टूल आणि तू, तिघं एकदमच खाली. तुला काही झालं नाही. घड्याळाचं काही राहिलं नाही."

"मला आठवत नाही."

"कसं आठवेल? तुला तीन दिवस ताप होता. तापात एकच धोशा, आजोबांना सांगू नका. आजोबा काकांकडे गेले होते, महिन्याने यायचे होते. बाबांनी तुकडे चादरीत बांधले. मग रोज कामावरून सुटले की एकेक दुकान हिंडायचे. तशीच पेटी, तशीच वर द्राक्षं असलेलं मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. तुला सांगितलं, घड्याळ दुरुस्त करून आणलं. तेव्हा कुठे तू नीट जेवलास."

मापेसाहेबांनी ताटातली एक शेंग उचलली. ती न सोलता हातात धरून बसले. "आजोबांना कळलं नाही?"

"आल्या दिवशीच कळलं. अजून चप्पल पायात होती. पाचचे ठोके पडले, त्यांनी मान वर करून घड्याळाकडे बघितलं, मग बाबांकडे, मग तुझ्याकडे. ठोका वेगळा होता ना. बोलले काहीच नाहीत. पण त्या संध्याकाळी शेजारचे कुणी आले होते, त्यांना तुला मांडीवर घेऊन सांगायला लागले, हे आमच्या वडिलांनी कप्तानाकडून घेतलेलं घड्याळ. त्याआधी त्यांनी त्या घड्याळाचं नावसुद्धा कधी घेतलं नव्हतं. मग ते येईल त्याला सांगत राहिले. त्यांच्यामागून बाबा सांगायला लागले. बाबांमागून तू."

"आणि तू मला साठ वर्षांत एकदाही..."

"सांगायचं राहून गेलं. पुढे तू साहेब झालास, भाषणं द्यायला लागलास. कुठे मधे बोलायचं?"

"अजून कुणाला माहीत होतं?"

"तुला सोडून सगळ्यांना," अक्का म्हणाली. "तुझ्या बायकोला मी लग्नानंतर सहा महिन्यांनी सांगितलं."

मापेसाहेब बसने परत आले ते सगळा वेळ उभ्याने. बसायला जागा होती, पण त्यांचं लक्ष गेलं नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे तराजू तपासले, शेरभराला गुंजभर कमी निघालं तर खटले भरले, आणि घरात भिंतीवर एवढी मोठी तफावत टिकटिकत होती. या गोष्टीचा त्यांना राग यायला हवा होता. तो येतोय का याची त्यांनी वाट पाहिली. त्याऐवजी त्यांना आपले वडील दिसत राहिले, कामावरून सुटल्यावर डब्याची पिशवी हातात घेऊन एकेका दुकानात शिरणारे, वर द्राक्षं आहेत का विचारणारे. वडील बोलायला कडक होते. मांडीवर घेणं, पाठीवर हात फिरवणं त्यांच्याकडून कधी झालं नाही. मापेसाहेबांनी ती गोष्ट मनात एका बाजूला लिहून ठेवलेली होती.

घरी बायकोने त्यांचा चेहरा पाहिला आणि अक्काने सांगितलं हे ओळखलं.

"तू चाळीस वर्षं बोलली नाहीस," मापेसाहेब म्हणाले.

"ती कप्तानाची गोष्ट सांगताना तुम्ही चांगले दिसायचात," बायको म्हणाली. थोड्या वेळाने तिने आणखी सांगितलं, "आणि या खेपेला गप्प राहिले ते फाइल अडकेल म्हणून. मला ते घड्याळ जायला नको होतं. तुम्ही फाइल सोडवत सुटलात."

फाइल खरंच सुटली. मापेसाहेबांनी नवीन फॉर्म भरला, सातव्या रकान्यात एकसष्ट लिहिलं, घड्याळवाल्याचं पत्र आणि लेबलाचा फोटो जोडला. मॅडमनी कागद पाहिले, त्यांच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही. चार दिवसांत दाखला हातात पडला: वस्तू पुरातन नाही. मापेसाहेबांना वाटलं होतं तो कागद हातात घेताना लाज वाटेल. त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी करून वरच्या खिशात ठेवला.

मग व्याह्यांना फोन. त्यासाठी त्यांनी मुद्दे लिहून काढले होते, पण पहिल्या मुद्द्यानंतर कागद बाजूला ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. स्टूल, ताप, चादर, तीन आठवडे, आजोबांची चप्पल.

"तेव्हा घड्याळ जुनं नाही," मापेसाहेब म्हणाले. "पाठवायला आता काहीच अडचण नाही. दाखला मिळालाय. पण व्याहीसाहेब, खरं सांगतो, आता ते माझ्या हातून सुटत नाही. मी शब्द दिला होता. तो मोडतोय. मला क्षमा करा."

"आजोबांनी ठोका ओळखला म्हणालात?" व्याह्यांनी विचारलं.

"हो. चप्पल काढायच्या आत."

व्याही म्हणाले, "माझ्याकडे तेवीस घड्याळं आहेत. एकाचाही ठोका मी ओळखणार नाही. तुमचं तुमच्याकडेच राहू द्या." मग त्यांनी घसा साफ केला. "त्या आठ जणांना चहा पाजीन आणि भिंत दाखवीन. मंडळी सज्जन आहेत, भिंतीचंही कौतुक करतील."

इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण अपुरातन दाखला घेतलेली वस्तू तीस दिवसांत देशाबाहेर गेली नाही, तर ती का गेली नाही याचा खुलासा द्यावा लागतो. तसं पत्र एकतिसाव्या दिवशी आलं. मापेसाहेबांनी दीड पानाचा खुलासा लिहिला आणि एका सोमवारी पुन्हा खिडकी तीनवर उभे राहिले. मॅडमनी ते दीड पान परत केलं आणि छापील फॉर्म पुढे सरकवला. कारणासाठी त्यात दोन ओळींची जागा होती.

मापेसाहेबांनी खिडकीच्या कट्ट्यावर फॉर्म टेकवून बराच वेळ विचार केला. मागे अकरा माणसं होती. मग त्यांनी लिहिलं: 'लहानपणी मी घरातले जुने घड्याळ फोडले. हे घड्याळ वडिलांनी त्याच्या जागी आणले, हे मला आत्ता कळले. सबब पाठवत नाही.'

मॅडमनी ते वाचलं. शिक्का उचलला, पण मारला नाही. "फोडलंत कशाला?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न फॉर्ममध्ये कुठेच नव्हता.

"खेळायला जायचं होतं. काटा पुढे करायला चढलो होतो."

मॅडम हसल्या. चार महिन्यांत त्यांना हसताना मापेसाहेब पहिल्यांदा पाहत होते. शेजारच्या खिडकीतल्या कारकुनाने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्याला सांगावं लागलं. रांगेतल्यांना अर्धंच ऐकू आलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. खुर्चीवर स्टूल, स्टुलावर आपण, हातात मिनिटकाटा. ज्या माणसाने आयुष्यात चूक कबूल करण्याची वेळ स्वतःवर येऊ दिली नव्हती, तो माणूस कट्ट्याला कोपर टेकवून अकरा अनोळखी लोकांना आपण घड्याळ कसं पाडलं ते हातवारे करून सांगत होता. कुणी घाई केली नाही. जेवणाची सुट्टी सुरू झाली तरी खिडकी उघडीच होती.

मापेसाहेबांच्या बरोबर मागे एक वयस्कर गृहस्थ उभे होते, काखेत कसलीशी लांबट वस्तू कापडात गुंडाळलेली. ते जरा पुढे वाकले.

"मग वडील काय म्हणाले?"

"काही म्हणाले नाहीत," मापेसाहेब म्हणाले. "घड्याळ शोधायला गेले."